डोराचा नकार : फ्रॉइडच्या एका रुग्णवृत्तांताचा पुनर्विचार

मनोविश्लेषणाच्या वाङ्मयात यशस्वी उपचारांची वर्णने थोडीथोडकी नाहीत. तथापि या शास्त्राचे अनुयायी आणि टीकाकार हे दोघेही ज्या वृत्तांताकडे वारंवार वळले, तो एका फसलेल्या उपचाराचा आहे. सिग्मुंड फ्रॉइडने १९०५ साली प्रसिद्ध केलेला 'हिस्टेरियाच्या एका विश्लेषणाचा अंश' हा तो वृत्तांत होय. ऑक्टोबर १९०० मध्ये अठरा वर्षांची एक मुलगी व्हिएन्ना येथील बेर्गगासे या रस्त्यावरील फ्रॉइडच्या चिकित्सालयात येऊ लागली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबर रोजी, उपचार अर्धवट टाकून, निघून गेली. अकरा आठवड्यांच्या या उपचाराची हकीकत फ्रॉइडने लगोलग, जानेवारी १९०१ मध्ये, लिहून काढली. छापण्यास मात्र चार वर्षे लावली. वृत्तांतात मुलीचे नाव डोरा असे आहे. तिचे खरे नाव इडा बाउअर, आणि ऑस्ट्रियातील समाजवादी पुढारी ओटो बाउअर हा तिचा वडील बंधू, ही माहिती आता सर्वज्ञात आहे. परंतु येथे परामर्श घ्यावयाचा तो ग्रंथातील व्यक्तीचा असल्यामुळे डोरा हेच नाव योजणे इष्ट.

रुग्णाच्या भावनिक प्रतिक्रिया आणि त्यांच्या मुळाशी असलेले अंतर्द्वंद्व समजून घेणे हे मानसोपचाराचे कार्य, असे सामान्यतः सांगितले जाते. विधान निर्विवाद वाटते. पण त्याच्या पोटात एक अडचण आहे. राग, किळस, भीती, रुसवा या प्रतिक्रिया मनातील द्वंद्वातून उपजतात, तशाच त्या बाहेर घडलेल्या घटनेला दिलेले उत्तरही असतात. एकाच किळसेत हे दोन्ही धागे गुंतलेले असू शकतात. चिकित्सकाने त्यांपैकी कोणता धागा आधी हाती घ्यावयाचा, आणि त्याने लावलेला अर्थ रुग्णाने अमान्य केला तर त्या नकाराची वासलात कशी लावावयाची? डोराच्या बाबतीत फ्रॉइडने या प्रश्नाला दिलेले उत्तर सदोष होते, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. दोष नेमका कोठे होता याविषयी मात्र आहे. आणि खुद्द फ्रॉइडने बोट ठेवून दाखविलेली जागा हीच खरी जागा होती काय, हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम घटनाक्रम. डोराचे वडील सधन कारखानदार. त्यांना क्षयाची बाधा झाल्यामुळे कुटुंब दक्षिणेकडील एका आरोग्यस्थानी जाऊन राहिले. तेथे श्री. के. व सौ. के. या नावांनी वृत्तांतात वावरणाऱ्या दांपत्याशी त्यांचा घरोबा जमला. सौ. के. हिने वडिलांची शुश्रूषा केली व त्यातून त्या दोघांचे प्रेमसंबंध जडले. डोरा के. दांपत्याच्या दोन मुलांना सांभाळी, के. तिला किमती भेटी देई, फुले पाठवी, तिच्याबरोबर फिरावयास जाई. वडीलमंडळींपैकी कोणालाही यात वावगे दिसले नाही, कारण न दिसणे सर्वांच्याच सोयीचे होते. डोराची आई दिवसभर घराच्या साफसफाईत गुंतलेली असे. या बाईची व फ्रॉइडची गाठ कधीच पडली नाही, हे तो स्वतःच नमूद करतो. तरीही गृहिणीपणाची मनोविकृती असे निदान करून त्याने तिला एका परिच्छेदात निकालात काढले आहे. वृत्तांतातील ही पहिली घाई.

डोरा सोळा वर्षांची असताना आल्प्समधील एका सरोवराच्या काठी के. याने तिच्यापुढे प्रेमाची भाषा काढली. तिने त्याच्या थोबाडीत मारली आणि ती निघून आली. काही दिवसांनी तिने ही गोष्ट आईच्या कानावर घातली, आईने ती वडिलांना सांगितली. जाब विचारला असता के. याने साफ इन्कार केला. इतकेच नव्हे, तर ही मुलगी मांतेगात्सा याची कामविषयक पुस्तके वाचते, तिच्याच डोक्यात हे खूळ शिरले असावे, असा उलट आरोप केला. डोरा काय वाचते हे ठाऊक असलेली व्यक्ती एकच होती, ती म्हणजे सौ. के. वडिलांनी मित्राच्या शब्दावर विश्वास ठेवला. यापुढे डोराने एकच हट्ट धरला, तो वडिलांनी त्या घराशी संबंध तोडावा हा. खोकला, धाप, आवाज बसणे या तिच्या जुन्याच तक्रारी होत्या. आता खिन्नतेची भर पडली. तिच्या मेजात जीव देण्याच्या विचाराची चिठ्ठी सापडली, आणि वडिलांशी बोलता बोलता ती एकदा बेशुद्ध झाली. तेव्हा वडिलांनी तिला फ्रॉइडच्या स्वाधीन केले. हिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून मार्गावर आणा, असा त्यांच्या विनंतीचा आशय होता.

येथे फ्रॉइडचे श्रेय त्यास दिले पाहिजे. वडील व के. या दोन प्रतिष्ठित गृहस्थांची साक्ष एका बाजूस आणि एका आजारी मुलीचा शब्द दुसऱ्या बाजूस असता त्याने मुलीचा शब्द खरा मानला. सरोवराकाठचा प्रसंग कपोलकल्पित नाही, हे त्याने निःसंदिग्धपणे लिहिले. आपल्या पत्नीचे प्रेमप्रकरण के. याने चालवून घ्यावे याचा मोबदला म्हणून आपल्याला त्याच्या हवाली करण्यात आले आहे, ही डोराची कडवट भावनाही, त्या दोघा पुरुषांत तसा उघड करार झाला नसला तरी, त्याने मूलतः योग्य ठरविली. १९०० सालच्या व्हिएन्नात, वडिलांकडून शुल्क घेणाऱ्या वैद्याने हे मान्य करणे ही लहान गोष्ट नव्हे. फ्रॉइडवर आज होणाऱ्या टीकेत या गोष्टीचा उल्लेख अनेकदा गाळला जातो, तो गाळू नये.

परंतु सत्य मान्य केल्यावर फ्रॉइडने त्याचे काय केले? त्याने ते बाजूस ठेवले. इतरांवर केलेल्या दोषारोपांची मालिका ही बहुधा स्वतःवरील दोषारोपांना झाकण्यासाठी असते, असा नियम सांगून तो लगेच आतल्या बाजूस वळला. वडिलांच्या प्रकरणाकडे डोराने इतकी वर्षे कानाडोळा केला. मग तिचाही त्यात काही लाभ असलाच पाहिजे. तो लाभ म्हणजे के. याचा सहवास, अर्थात तिचे के. याच्यावर प्रेम होते, अशी ही अनुमानपरंपरा आहे. तीत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. झाक लाकाँ याने १९५१ साली या वृत्तांताचे विवेचन करताना नेमक्या याच वळणाची वाखाणणी केली : ज्या गोंधळाविषयी तू तक्रार करतेस त्यात तुझा स्वतःचा वाटा कोणता, हा प्रश्न विचारल्यावाचून विश्लेषण सुरूच होत नाही. हे खरे आहे. प्रश्न विचारण्यात चूक नव्हती. तो विचारण्यापूर्वी, घडलेल्या अन्यायाला अन्याय म्हणण्यासाठी फ्रॉइड किती वेळ थांबला, हे पाहावयाचे. वृत्तांतावरून दिसते ते असे, की तो थांबलाच नाही. आपला विश्वास त्याने वाचकाला कळविला. डोराला तो कितपत जाणवू दिला, हे कोठेच स्पष्ट होत नाही.

याचा पडताळा सरोवराच्या प्रसंगाहून जुन्या अशा एका प्रसंगात मिळतो. डोरा चौदा वर्षांची असताना (हे वय फ्रॉइडने दिलेले, पुढील अभ्यासकांनी तारखा जुळवून ती याहून लहान असावी असे दाखविले आहे) के. याने धार्मिक मिरवणूक पाहण्याच्या निमित्ताने तिला आपल्या दुकानी बोलाविले, पत्नीस व नोकरांस युक्तीने दूर ठेवले, आणि तिला एकाएकी कवटाळून तिचे चुंबन घेतले. तिला विलक्षण किळस आली. ती हिसडा देऊन निसटली व जिन्याने खाली पळाली. या किळसेपाशी फ्रॉइडचा निर्णय असा, की अशा प्रसंगी निरोगी मुलीला सुखद उत्तेजना व्हावयास हवी होती. जिला प्राधान्येकरून किळसच येते ती, शारीरिक लक्षणे असोत वा नसोत, हिस्टेरियाग्रस्त समजावी. तळटीपेत तो आणखी सांगतो, की के. हा अद्याप तरुण व दिसावयास देखणा होता; डोराच्या वडिलांबरोबर तो पूर्वी आपल्याकडे आला असल्यामुळे ही आपली प्रत्यक्ष माहिती आहे.

या तळटीपेवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि तिचा उपहास करणे सोपे आहे. उपहास बाजूस ठेवून तिचे तार्किक कार्य पाहिले असता असे आढळते, की येथे प्रतिक्रियेचे मूल्यमापन प्रतिक्रिया व्यक्त करणाऱ्या व्यक्तीच्या स्थानावरून झालेले नाही. समोरच्या पुरुषाच्या रूपावरून झाले आहे. विश्वासातल्या, वडिलांच्या मित्राने कट करून एकांत साधला, ही वस्तुस्थिती फ्रॉइडने स्वतःच नोंदविली. पण किळसेचा अर्थ लावताना ती हिशेबात धरली नाही. किळस हे उत्तर होते. त्याने ते लक्षण मानले. आणि लक्षण एकदा ठरले, की त्याचे कारण रुग्णाच्या मनातच शोधावे लागते.

फ्रॉइडच्या पद्धतीचे तेज आणि तिचा धोका ही दोन्ही एकत्र दिसतात ती डोराचा आवाज बसण्याच्या विवेचनात. तिची वाचा जाई ती तीन ते सहा आठवडे, के. परगावी जाई तोही तेवढाच काळ. प्रिय मनुष्य दूर असताना बोलण्यास अर्थ उरत नाही, पत्र लिहिण्यास मात्र येतो. म्हणून वाणी मुकी व लेखणी सुलभ झाली, असा अर्थ फ्रॉइडने लावला. वृत्तांतातील हे सर्वांत मोहक स्थळ होय. एखाद्या कथाकाराला हेवा वाटावा असे. परंतु प्रत्येक वेळी आजार व अनुपस्थिती यांचा मेळ बसत होता काय? बसत नव्हता, हे फ्रॉइडला दिसले. त्यावर त्याचे उत्तर असे, की मेळ नियमितपणे बसला असता तर गुपित फुटले असते, म्हणून पुढे पुढे डोराच्या मनाने तो बुद्ध्याच मोडला. मुदतीची समानता तेवढी मूळ अर्थाची खूण म्हणून शिल्लक राहिली. मेळ बसला तर सिद्धांत खरा, न बसला तर तो लपविल्यामुळे खरा. अशा सिद्धांताला खोटे ठरविण्यास रुग्णाजवळ कोणतेच साधन राहत नाही.

हीच कोंडी नकाराच्या बाबतीत उघड होते. दमन केलेला विचार रुग्णापुढे प्रथमच मांडला असता त्याच्या तोंडून येणारा 'नाही' केवळ दमनाची तीव्रता दर्शवितो, अबोध मनात 'नाही' असा पदार्थच नसतो, असे फ्रॉइडने या वृत्तांतात ठामपणे लिहिले आहे. आता डोराचा नकार प्रत्यक्षात कसा होता ते पाहिले पाहिजे, कारण टीकाकार व समर्थक दोघांनीही तो सरसकट नकार होता असे धरून चालण्याची चूक केली आहे. के. याच्यावर तुझे प्रेम आहे, या अर्थनिर्णयाला तिने प्रारंभी संमती दिली नाही. पुढे तिने कबूल केले ते असे, की त्या आरोग्यस्थानी असताना आपले के. याच्यावर प्रेम जडले असणे शक्य आहे. परंतु सरोवराच्या प्रसंगानंतर ते संपले. हा नकार नव्हे. ही दुरुस्ती आहे. तिच्या म्हणण्यात काळ आहे : आधी होते, नंतर नाही. एका घटनेने एक भावना मोडली असे ती सांगत होती. मनोविश्लेषकाच्या दृष्टीने याहून मोलाची माहिती कोणती असू शकेल? पण फ्रॉइडने तिच्या वाक्यातील 'नंतर' काढून टाकले आणि प्रेम होते तसेच आहे असे ठरविले. तिच्या अंतर्द्वंद्वाचे त्याने केलेले वर्णन म्हणूनच अचूक असूनही कालबाह्य होते. योगायोग असा, की या उपचाराचे साल पुढे एकाहून अधिक ठिकाणी फ्रॉइडने १९०० ऐवजी १८९९ असे चुकीचे दिले आहे. इतरांच्या अशा चुकांचा अर्थ लावण्यात त्याने एक अख्खा ग्रंथ खर्ची घातला होता. या चुकीचा अर्थ वाचकांनीच लावावयाचा.

पहिल्या स्वप्नाची कथाही याच दिशेने जाते. घराला आग लागली आहे. वडील डोराच्या बिछान्यापाशी उभे राहून तिला उठवितात. आईला आपली दागिन्यांची पेटी वाचवावयाची आहे. पण तिच्या पेटीपायी आपण स्वतःला व दोन मुलांना जळू देणार नाही, असे वडील तिला बजावतात. सर्व जण खाली धावतात आणि बाहेर पडताच डोरा जागी होते. हे स्वप्न तिला सरोवराकाठच्या मुक्कामात लागोपाठ पडले होते. तेथे एका दुपारी झोपेतून जागी होताच के. बिछान्यापाशी उभा असलेला तिला दिसला होता. तिने खोलीला आतून कुलूप लावण्यासाठी किल्ली मिळविली, तर ती दुसऱ्या दिवशी नाहीशी झाली. या घरात राहावयाचे नाही, असा निश्चय तिने केला, आणि तो अमलात येईपर्यंत स्वप्न येत राहिले. हा तपशील फ्रॉइडने मोठ्या कौशल्याने बाहेर काढला, आणि स्वप्नामागे एक निश्चय आहे हेही त्यानेच प्रथम ओळखले. पण तेथे त्याचे समाधान झाले नाही. पेटी म्हणजे स्त्रीचे गुह्यांग; के. याला जे द्यावयाचे ते देण्याची इच्छा. त्या इच्छेपासून रक्षण व्हावे म्हणून बालपणीच्या पितृप्रेमाला घातलेली साद, असा अर्थ लावून, डोराला सर्वांत अधिक भीती वाटते ती तिच्या स्वतःच्याच मोहाची, असे त्याने तिला सांगितले. हा भाग तिला पटला नाही, असेही त्याने नोंदविले आहे.

मोहाची भीती नव्हतीच, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु किल्ली खरोखरच नाहीशी झाली होती. ज्या घरात किल्ली नाहीशी होते तेथे भीतीसाठी मोहाची आवश्यकता नसते. स्वप्नातील वडील मुलांना वाचवितात आणि प्रत्यक्षातील वडील त्या मुलीला तेथेच ठेवून निघण्याच्या बेतात होते, हा विरोध फ्रॉइडच्या नजरेतून पूर्णपणे निसटला असे नाही; पण त्याने तो पायरी म्हणून वापरला आणि तो वर चढून गेला. स्वप्न तेथेच थोडे थांबले असते तर डोराला कदाचित प्रथमच असे वाटले असते, की आपण का पळालो हे कोणाला तरी कळले.

दुसऱ्या स्वप्नाच्या अर्थनिर्णयाचा विस्तार येथे अनावश्यक आहे. नकाशे, स्थानके, अरण्ये यांचे शरीररचनेशी लावलेले नाते आज कोणास फारसे पटत नाही. महत्त्वाचे आहे ते या निर्णयाच्या वेळचे वातावरण. दुसऱ्या बैठकीअखेर फ्रॉइडने निष्पत्तीविषयी संतोष व्यक्त केला, तेव्हा त्यातून असे विशेष काय निघाले, असा उणावणारा शेरा डोराने मारला. तिसऱ्या बैठकीच्या आरंभी तिने सांगितले, की आज आपला येथे येण्याचा शेवटचा दिवस. हा निर्णय कधी घेतलास, या प्रश्नास पंधरा दिवसांपूर्वी असे उत्तर येताच फ्रॉइड म्हणाला, की हे तर मोलकरणीने किंवा शिक्षिकेने पंधरा दिवसांची नोटीस दिल्यासारखे झाले. यावर डोराला के. यांच्या घरच्या शिक्षिकेची गोष्ट आठवली : के. याने तिला वश केले, मग टाकले; आणि बायकोपासून आपल्याला काहीच मिळत नाही, असे जे शब्द त्याने सरोवराकाठी डोरापाशी उच्चारले तेच तो आधी त्या शिक्षिकेपाशी बोलला होता. थोबाडीत मारण्याचे कारण येथे, शेवटच्या तासात, प्रथमच हाती आले. डोराला संताप आला होता तो आपल्याला नोकरमाणसाप्रमाणे वागविले याचा.

डोरा हे नावही फ्रॉइडला कसे सुचले, याची हकीकत त्याने 'दैनंदिन जीवनातील मनोविकृती' या ग्रंथात दिली आहे. त्याच्या बहिणीच्या घरी मुलांना सांभाळणाऱ्या दाईचे नाव रोझा, मालकिणीचेही तेच, म्हणून दाईने आपले नाव टाकून डोरा हे नाव घेतले होते. गरिबाला स्वतःचे नावही राखता येत नाही याची त्याला तेव्हा हळहळ वाटली, आणि नाव राखता न येणाऱ्या दुसऱ्या मुलीसाठी नाव शोधताना हेच त्याच्या मनात आले. या आठवणीचे विश्लेषण त्याने प्रामाणिकपणे केले आहे. फक्त आपणही तिला नोटीस देणाऱ्या सेविकेच्या जागी बसविले, ही कडी त्याने जोडली नाही.

शेवटच्या तासाकडे परत वळले असता असे दिसते, की कारण हाती येऊनही फ्रॉइड त्यापाशी थांबला नाही. के. याने घटस्फोट घेऊन तुझ्याशी लग्न करावे अशी तुझी मनापासून अपेक्षा होती, असे त्याने सांगितले. डोराने या वेळी नेहमीप्रमाणे विरोध केला नाही. ती हेलावल्यासारखी दिसली, तिने नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या, निरोप घेतला, आणि ती परत आली नाही. या जाण्याला फ्रॉइडने सूड म्हटले आहे. तिला विशेष ओलावा दाखवून आपण थांबवून घ्यावयास हवे होते काय, असा प्रश्न त्याने स्वतःस विचारला व नकारार्थी सोडविला.

वृत्तांताच्या उपसंहारात मात्र त्याने स्वतःची चूक मान्य केली. आणि याच ठिकाणी मानसोपचाराच्या इतिहासाला वळण लागले. रुग्ण पूर्वीच्या व्यक्तीविषयीच्या भावना चिकित्सकावर आरोपित करतो, या घटनेला मराठीत 'संक्रमण' म्हणतात. (हा शब्द वाचकाला साथीच्या रोगाची आठवण करून देतो हे खरे, पण भावनांच्या बाबतीत ती आठवण अगदीच अस्थानी नाही.) डोराने के. याच्याविषयीचा राग आपल्यावर संक्रमित केला, तो आपण वेळीच ओळखला नाही, के. याला तिने जसे सोडले तसे आपल्यालाही सोडले, असे फ्रॉइडने लिहिले. पुढे १९१२ व १९१५ सालच्या निबंधांत या कल्पनेचा त्याने जो विस्तार केला त्याचे बीज या अपयशात आहे. शिवाय एका तळटीपेत त्याने आणखी एक कबुली दिली, ती ही की डोराच्या मनाचा सर्वांत खोल प्रवाह सौ. के. हिच्याविषयीच्या प्रेमाचा होता व तो आपल्याला उशिरा उमगला. जिने गुपित फोडून तिचा घात केला तिच्याविषयी डोरा एकही कठोर शब्द बोलत नसे. यात तिचे खरे द्वंद्व होते. वृत्तांतातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण तळटीपेत जाऊन बसावे, हे पुरेसे बोलके आहे.

संक्रमणाचा हा खुलासा शास्त्राला फलदायी ठरला, तथापि डोराच्या बाबतीत तो अर्धाच आहे. त्यात असे गृहीत आहे, की तिचा राग मूळचा के. याच्यावरचा व फ्रॉइडवर चुकून आलेला. परंतु वडिलांनी तिला फ्रॉइडकडे पाठविले होते ते तिने गप्प राहावे म्हणून. आणि फ्रॉइडने तिचे बोलणे ऐकून अखेर तिला जे सांगितले ते के. याला सोयीचेच होते. तिच्या रागाचा काही भाग तरी त्याच खोलीत निर्माण झालेला होता. के. याचा यशस्वी शेवट पाहण्याची फ्रॉइडची स्वतःची ओढ आड आली, असे लाकाँनेही म्हटले आहे. चिकित्सकाच्या या भावनांना फ्रॉइडने १९१० साली प्रतिसंक्रमण हे नाव दिले. डोराच्या वृत्तांताला मात्र त्याने तो दिवा कधी लावला नाही.

एरिक एरिक्सनने १९६२ साली या प्रश्नाला वेगळी बाजू दाखविली. वयात येणाऱ्या व्यक्तीला आपल्या आप्तांच्या वर्तनाविषयीचे ऐतिहासिक सत्य प्रस्थापित झालेले हवे असते. त्यावाचून निष्ठा ठेवावयाची कोठे हे तिला ठरविता येत नाही. फ्रॉइड अबोध मनातील सत्याच्या शोधात असता डोरा घडलेल्या सत्याची मान्यता मागत होती. एरिक्सनचे हे म्हणणे ग्राह्य आहे, आणि शांदोर फेरेन्त्सी याने १९३२ साली वीसबाडेन येथे वाचलेल्या निबंधाशी ते जुळते : बालकाला जी इजा होते तिच्याहून, असे काही घडलेच नाही हा वडीलमाणसांचा इन्कार अधिक घातक ठरतो. स्टीव्हन मार्कस याने १९७४ साली या वृत्तांताचे कादंबरीसारखे वाचन केले आणि ही कथा उत्तरोत्तर डोराची न राहता फ्रॉइडची होते असे दाखविले. वाङ्मयीन टीका म्हणून तो लेख उत्कृष्ट आहे. पण फ्रॉइडला कादंबरीतले पात्र बनविले, की त्याच्या अर्थनिर्णयाची सत्यासत्यता तपासण्याचे काम टळते, ही त्याची मर्यादा. १९२२ साली फेलिक्स डॉइच या वैद्याने प्रौढ डोराला तपासले व १९५७ साली त्याविषयी लिहिले. त्या लेखाचा सूर पाहता डोराच्या नकाराचा राग या संप्रदायात अर्धशतक टिकून होता, असे म्हणावे लागते.

फ्रॉइडचा स्वतःचा विचार मात्र स्थिर राहिला नाही. १९३७ साली, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर लिहिलेल्या 'विश्लेषणातील रचना' या निबंधात त्याने जुना आक्षेप पुन्हा हाती घेतला : रुग्ण हो म्हणाला तर विश्लेषक बरोबर आणि नाही म्हणाला तरी विश्लेषकच बरोबर, हा कोणता न्याय? आता तो लिहितो, की नकार शब्दशः स्वीकारावयाचा नाही, पण होकारही नाही. रुग्णाच्या 'नाही'चा पुष्कळदा एवढाच अर्थ असतो, की विश्लेषकाची रचना अपुरी आहे, सगळी गोष्ट अजून सांगून झालेली नाही. तिची सत्यता रुग्णाच्या मनातून पुढे जे नवे साहित्य वर येते त्यावरून ठरवावयाची. १९०५ मधील 'नाही' केवळ दमनाचे माप होते. १९३७ मधील 'नाही' ही अपुरेपणाची सूचना आहे. या निबंधात डोराचे नाव नाही. तरीही आधी होते, नंतर नाही, या तिच्या दुरुस्तीला बसण्यास जागा मिळते ती याच निबंधात.

नवे साहित्य तर डोराने स्वतःच आणून दिले होते. १ एप्रिल १९०२ रोजी, चेहऱ्याच्या शिरेचे दुखणे घेऊन, ती पुन्हा फ्रॉइडकडे आली. मधल्या काळात के. दांपत्याच्या एका मुलाचा मृत्यू झाला होता आणि ती सांत्वनासाठी त्यांच्या घरी गेली होती. वडिलांशी तुमचा संबंध आहे हे मला ठाऊक आहे, असे तिने सौ. के. हिला तोंडावर सांगितले, ते सौ. के. हिने नाकारले नाही. सरोवराकाठची गोष्ट तिने के. याच्याकडून कबूल करून घेतली, ती वडिलांना कळविली, आणि त्या कुटुंबाशी पुन्हा संबंध ठेवला नाही. त्यानंतर काही काळ तिची प्रकृती बरीच सुधारली होती. फ्रॉइडने हे सर्व नोंदविले आहे. या वेळची तिची मदतीची विनंती खरी नाही हे आपल्याला तिच्या चेहऱ्यावरून दिसले, असे तो म्हणतो. दुखण्याचा उगम वर्तमानपत्रातील स्वतःच्या प्राध्यापकपदाच्या बातमीत व थोबाडीत मारल्याच्या पश्चात्तापात शोधतो. आणि तिला बरे करण्याचे समाधान तिने आपल्याला मिळू दिले नाही, याबद्दल तिला क्षमा करण्याचे आश्वासन दिल्याचे लिहितो. उपचार पुन्हा सुरू झाला नाही.